चार खुणांचं औषध

मी बाटली बोलतेय. दचकू नका. गोठ्याच्या कोनाड्यात रॉकेलच्या वासात उभी असलेली हिरवट बाटली, तीच मी. माझ्या पोटावर कागदाची एक पिवळी पट्टी आहे. ती सोडली तर माझ्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

दिवेआगरला मी आले १९२८ साली, आगबोटीने, पोटभर गुलाबपाणी घेऊन. वाडीचे मालक बाळाजीपंत यांनी मुलाच्या लग्नासाठी मला मुंबईहून मागवलं होतं. नव्या सुनेच्या, वेणूच्या अंगावर माझ्यातलं पाणी शिंपडलं गेलं. मी रिकामी झाले तेव्हा तिनेच मला धुऊन फडताळात ठेवलं. चांगल्या काचेची होते ना!

पुढल्या वर्षी भातकापणीला डोंगराकडची कातकरी माणसं उतरली. दर वर्षी येतात, खळ्यापलीकडे पेंढ्याची खोपटं घालतात आणि झोडणी आटपली की जातात. त्यांतल्या राहीच्या पोरीला हिवताप भरला. दोन कोसांवर सरकारी दवाखाना होता. औषध फुकट, पण बाटली ज्याची त्याने आणायची, अशी रीत. राहीकडे कुठली बाटली? ती बांबूचं कांडं घेऊन गेली. कंपाउंडर हसला. म्हणाला, "बाई, इथे ताडी मिळत नाही. बाटली आण!"

वेणूला हे विहिरीवर कळलं. दुपारी घर निजलेलं असताना तिने मला पदराआडून नेऊन राहीच्या हातात दिलं.

"मालक वरडतील, वयनीबाय."

"घे गं. कुणी विचारलंच तर माझं नाव सांग. दवाखाना काय फक्त आमचाच आहे?"

सांगू का, गुलाबपाण्यानेसुद्धा मला एवढा मान दिला नव्हता. माझ्यात कडूजहर औषध भरलं गेलं. कंपाउंडरने सहा खाचा पाडलेली कागदाची पट्टी माझ्यावर डकवली. सकाळी एक खूण, सांजेला एक. राहीला अक्षर येत नव्हतं, पण खाच बोटाला कळायची.

त्या संध्याकाळी सगळी खोपटं माझ्याभोवती जमली.

"हिचं झालं का मला दे. म्हातारीला खोकला हाय," शेजारच्या खोपटातला सदू म्हणाला.

"तुझ्या म्हातारीचा खोकला बाटलीत मावंल व्हय?" राही म्हणाली, तशी सगळी हसली. तरी सदूचा नंबर लागला, त्याच्यामागे आणखी दोघींचा. त्या खोपटांतून आजवर कुणी दवाखान्याची पायरी चढलं नव्हतं. आता माझ्यामुळे चढणार होतं.

दुसऱ्या दिवशी दोन खुणा खाली गेल्या. पोरीने डोळे उघडून पेज मागितली. आणि नेमके तेव्हाच बाळाजीपंत खळ्यावर आले.

"ही बाटली आमची. चोरलीस?"

"न्हाय मालक. वयनीबायनं दिली." राहीच्या आवाजात भीती नव्हती. तिला नाव दिलेलं होतं ना!

वेणूला बोलावणं गेलं. ती आली, डोक्यावरचा पदर सावरत.

"सूनबाई, तुम्ही दिलीत ही?"

मी वाट पाहत होते. राहीही पाहत होती. दोनच तर शब्द होते, 'मी दिली'.

"मला ठाऊक नाही, मामंजी," वेणू म्हणाली.

काच तडकते तेव्हा आवाज होतो. मी तडकले नाही, म्हणून कुणाला काही ऐकू आलं नाही.

"ओत ते खाली," पंत म्हणाले. राहीने पोरीकडे पाहिलं, मग वेणूकडे. वेणू जमिनीकडे पाहत होती. राहीने स्वतःच्या हाताने बूच काढलं आणि चार खुणांचं औषध पोफळीच्या मुळाशी ओतलं. त्याच दुपारी ती पोरीला पाठीशी बांधून डोंगराकडे निघून गेली. सदूने म्हातारीसाठी मला पुन्हा मागितलं नाही. पुन्हा कुणीच दवाखान्याचं नाव काढलं नाही. कातकऱ्यांचा हात लागला म्हणून मला घरात घेतलं नाही. माझ्यात रॉकेल आलं.

पुढल्या कापणीला राही आली. पोर जगली होती, पण अंगात राहिलेल्या हिवतापाने पाणथरी वाढून पोट टम्म फुगलेलं, हातपाय काटक्या. वेणू गोठ्याआड उभी होती. तिच्या हातात एक नवी बाटली होती.

"राही, ही घे. या वेळी मी..."

पोरीने हात पुढे केला. राहीने तो मागे ओढला.

"नगं बाय. बाटलीचं औषध आमाला महाग. आमचं कांडं बरं."

ती गेली. वेणू कोनाड्यापाशी आली आणि माझी पट्टी नखाने खरवडू लागली. एक कोपरा निघाला, बाकीची निघेना. तेव्हापासून रॉकेल भरताना तिची नजर पट्टीवर जाते आणि तिचा हात चुकतो.

माझं एवढंच मागणं आहे. मला कुणाला द्यायचं तर चोरून देऊ नका, उजेडात द्या. आणि 'मी दिली' म्हणायचं धाडस नसेल तर आपलं नाव देऊ नका. बाटली रिकामी परत येते हो, पण नाव तसं परत येत नाही.