कालचा रस्सा

माय शिरपूरले जाताना दारातूनच वहिनीले बोलली, "पातोडीचा कालचा रस्सा हाये. मी आली का जेवू. बारीक गॅसवर गरम करजो. मागच्या खेपेसारखा जाळला तं तुया भावाले फोन लावतो. घेऊन जा म्हनतो तुही बहीन."

वर्षाराणी वहिनी राजूदादासंग लग्न करून आली त्याले दोन महिने झाले. "हो" म्हनली. मी नववीत शाळा सोडली तवापासून घरीच.

वहिनीनं गॅस मोठा केला अन् कपडे काढाले अंगनात गेली. मले वास आला. मी वरडली, "वहिनी, लागलं!" ती पयत आली, अन् पयलं काम काय केलं तं पळीनं बूड खरवडलं. झालं. वरचा रस्साबी करपट.

"कायले खरवडलं? वरच्यावर दुसऱ्या गंजात ओतून घ्या लागत होता ना! अक्कल हाये का नाई?"

ती रडली नाई. रस्सा उकिरड्यावर सांडून आली. जळका गंज राख टाकून न्हानीमागं ठेवला.

"बाई, आत्या कवा येतीन?" मायले ती आत्या म्हने.

"दुपारच्या गाडीनं."

मग तिनं बेसन घोटलं, ताटावर थापलं, वड्या कापल्या. कांदा भाजला. माहेरच्या डब्यातून खोबरं काढून वाटलं. हात लय भरभर चालत होता. इथं आल्यापासून तिले कोनी रांधूच देल्लं नोतं. नुसतं गरम कराले देत.

मी झाकन काढून पाह्यलं. लालभडक तर्री.

"हे तं आत्ताचं दिसते. कालच्यात पातोडी फुगते, रस्सा घट्ट होते."

तिनं दोन पातोड्या कुस्करून टाकल्या. तर्री पळीनं काढली. "आता?"

"आता शिळं दिसते."

दुपारी सगळे जेवाले बसले. बाबानं दोनदा वाढून घेतलं. "राजूची माय, काल काई एवढा लागला नोता. आज मुरला पाय! हात तं तुयाच."

मायनं घास तोंडात टाकला अन् थांबली. काल घरात खोबरं नोतं. तिनं वहिनीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. मी भाकर मोडत राह्यली.

"हो," माय म्हनली. "मुरला."

बाबा उठून गेल्यावर तिनं वहिनीले इचारलं, "खोबरं कुठी ठेवतं तू?"

"माह्या डब्यात."

"फळीवर ठेव. हाताले येईन असं. अन् तो गंज घासून टाक, वास येऊन राह्यला."

फोन चार्जिंगलेच होता. मायनं त्याले हात लावला नाई.