टेकाडावरचे वल्हे

मित्रांनो, मी एक जुने वल्हे आहे. उभे राहून राहून मी अगदी दमून गेले आहे. मला आता आडवे व्हायचे आहे. पण तो योग इतक्यात दिसत नाही, म्हणून उभ्या उभ्याच माझी गोष्ट सांगते.

एका सुताराच्या अंगणात माझा जन्म झाला. सुतार होता तिरकस. मला तासून, घासून, तेल पाजून त्याने मालकाच्या हाती दिले आणि म्हणाला, "घे. तुझ्यापेक्षा जास्त टिकेल हे." मालक हसला. सुताराचे बोलणे खरे ठरले, याचे मला अजून वाईट वाटते.

मालक मासेमार होता. त्याच्या तळहाताचा घाम मुठीपाशी माझ्यात मुरला. ती जागा अजून काळी आहे. तो मला खांद्यावर टाकून घरी आला की त्याची बायको दारातूनच ओरडायची, "आधी ते वल्हं पुसा, मग जेवायला बसा!" त्या घरात माझी अशी बडदास्त होती. ती दारात बसून जाळी विणायची, म्हणून सारे गाव तिला जाळीवाली काकू म्हणायचे.

मग एका वादळात आमची होडी उलटली. मी तरंगले. मालक तरंगला नाही. दोन दिवसांनी समुद्राने त्याला किनाऱ्यावर आणून सोडले. तेव्हा त्यांचा मुलगा पाळण्यात होता.

आमच्या गावची रीत अशी, की समुद्रावर जीव गेलेल्या माणसाला गावाबाहेरच्या वाळूच्या टेकाडावर पुरायचे आणि उशाशी त्याचे वल्हे रोवायचे. दगड नाही, नाव नाही. वर्ष सरले की वल्हे काढायचे आणि पुन्हा होडीवर न्यायचे. चांगले लाकूड सहज मिळत नाही, आणि मागे राहिलेल्यांना पोट असतेच. मीही वर्षभर मालकाच्या उशाशी उभे होते. मग त्याच्या भावाने मला उपटून नेले. वाऱ्याने माझा खड्डा बुजवला आणि टेकाड पुन्हा सपाट दिसू लागले. कोण कुठे आहे हे गावाला ठाऊक होते, आणि तेवढे पुरे आहे असे सगळ्यांना वाटत होते.

पुढे होड्यांना इंजिने आली. गरज सरो, वैद्य मरो! माझी रवानगी काकूच्या परसात झाली. कपड्यांची दोरी खाली झुकू नये म्हणून माझा तिला टेकू दिला. ज्याने लाटा कापल्या, त्याने आता ओल्या चादरी सांभाळायच्या. कुरकूर करून काय उपयोग? पाळण्यातला मुलगा मोठा झाला, इंजिनाची होडी चालवू लागला. मला तो कपड्यांची काठीच समजायचा; टेकाडाचेही त्याला कोणी कधी सांगितले नव्हते.

एक दिवस तो घाईघाईने परसात आला. डोक्यावर नवी कोरी टोपी होती, तिच्यावर कुठल्याशा कंपनीचे चिन्ह.

"आई, टेकाडावर मोठं हॉटेल होतंय. पाहुण्यांना फिरवायला माझी होडी लावणार आहेत. साहेबांना मीच जागा दाखवली."

काकू कपडे वाळत घालत होती. "काय सांगितलंस त्यांना?"

"सांगायचंय काय? मोकळी जागा आहे. काही नाही तिथं."

काकूने हातातले कपडे बादलीत टाकले. मग तिने मला दोरीखालून ओढले. सगळे धुणे मातीत पडले. तिकडे तिने पाहिलेही नाही. मला खांद्यावर टाकून ती चालू लागली. मुलगा मागून ओरडत होता, "अगं आई, काठी घेऊन कुठं निघालीस?"

"काठी नाही. तुझ्या बापाचं वल्हं आहे."

टेकाडावर साहेब जमीन मोजत होते. माणूस वाईट नव्हता. सगळे ऐकून घेऊन म्हणाला, "काकू, नेमकी जागा दाखवा. तेवढी सोडून बांधू."

काकू चार पावले इकडे गेली, चार तिकडे. वाळू इतक्या वर्षांत कितीदा सरकली होती. शेवटी ती थांबली आणि म्हणाली, "नेमकी नाही सांगता येत, साहेब. आम्ही वल्ही काढून नेली. माणसं नाही नेली."

मुलाने टोपी काढली. "आई, बाबा कुठं आहेत?"

"इथंच रे. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर."

त्याने हातांनी वाळू उकरली आणि मला रोवले. मान वर करून तो माझ्याकडे पाहत राहिला. जन्मभर मला पाहूनही त्याने मला आज पहिल्यांदा पाहिले.

बातमी गावभर झाली. कोणी माळ्यावरून, कोणी कोंबड्यांच्या खुराड्यावरून, तर चहावाल्याने दुकानाच्या छपराखालून आपापली वल्ही काढली. "इथं माझे आजोबा!" "छे, इथं माझा काका!" अशी भांडणेही झाली. पण संध्याकाळी साहेबांना यंत्र ठेवायला जागा उरली नव्हती.

काम थांबले. रद्द झाले असे नाही, नुसते थांबले. तारखा पडतात, वकील येतात, जातात. सुरुवातीला येथे राखणीला बसायला सारे गाव यायचे. आता चार म्हातारी माणसे येतात. लोकांना घरे आहेत, तेही दमले. माझा पाय वाळूत कुजत चालला आहे.

काकू मात्र रोज येते. वाऱ्याने मी कलले की मला सरळ करते आणि फडक्याने पुसते. काल तिला चढ चढवेना, म्हणून मुलाने हात धरून आणले. ती माझ्याशेजारी बसली आणि त्याला म्हणाली, "हे बघ, मी गेले की मलाही इथंच ठेव. बायकांना वल्हं नसतं, ठाऊक आहे मला. हे एक दोघांना पुरेल. फक्त वर्ष झालं म्हणून काढू नकोस."

त्याने माझ्या पायाशी वाळू ओढली आणि घट्ट दाबली.

मित्रांनो, तुम्हाला कुठे रिकामी जागा दिसली, तर 'इथे काही नाही' असे म्हणण्याआधी शेजारच्या एखाद्या म्हातारीला विचारा, एवढेच माझे मागणे आहे. मी खूप दमले आहे. पण आता मला आडवे करू नका.