वाऱ्याच्या पिशवीला दिसलेलं खोटं

मी एक जुनी वाऱ्याची पिशवी आहे. माझी दोन्ही तोंडं उघडी, त्यामुळं माझ्यात गहू-ज्वारी काही भरता येत नाही. विमानं उतरतात त्या माळावर मला उंच खांबाला टांगतात. वारा कुठून कुठं चाललाय ते मी दाखवते. मित्रांनो, जिला जन्मभर वाऱ्याकडं बघावं लागतं तिचा स्वभाव संशयी होणारच. वारा सकाळी एक बोलतो आणि दुपारी दुसरंच.

तासगावच्या एका शिंप्यानं मला तंबूच्या जाड कापडातून शिवलं. उरलेला तुकडा त्यानं हळूच मांडीखाली सारला, तो मी पाहिला. तेव्हापासून माझा कुणावर विश्वास नाही.

लढाईचे दिवस होते. सांगलीच्या अलीकडं एका छोट्या संस्थानानं मुलांना विमान शिकवायची शाळा काढली होती. फौजेतून परतलेले लालासाहेब तिथले मास्तर. ते रोज पोरांना बजावायचे, "इमान वाऱ्याकडं तोंड करून उतरवायचं. वारं पाठीवर घेतलं तर ते थांबता थांबत न्हाई. आणि उतरताना चुकतंय असं वाटलं, तर लाजायचं न्हाई. सरळ परत वर जायचं."

पोरं माना डोलवायची. पण परत वर जायला एकही तयार नसे, कारण खाली उभी असलेली बाकीची पोरं फिदीफिदी हसायची. एकानं विमान तीनदा आपटलं आणि खड्ड्याला बोल लावला. माळावर खड्डाच नव्हता! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

मला सगळ्यांत जास्त संशय होता तो धुळाचा. हा मेंढपाळ माळाच्या कडेला मेंढरं चारायचा आणि रोज माझ्या खांबाखाली उभा राहून टक लावून वर बघायचा. माझी खात्रीच झाली की ह्याचा डोळा माझ्या कापडावर आहे. एक दिवस मला उतरवून हा घोंगड्याला ठिगळ लावणार!

मग कृष्णातचा दिवस आला. रहिमतपूरकडचा हा उसाच्या रानातला पोरगा त्या दिवशी पहिल्यांदाच एकटा विमान उडवणार होता. त्याची आई हरणाबाई ताट, निरांजन, कुंकू घेऊन आली होती. तिनं लेकाला बजावलं, "ओवाळताना तोंड पूर्वेला पायजे, माणसाचं असू दे न्हाईतर इमानाचं. आणि आलेल्याला मागं फिरवून कुणी ओवाळत न्हाई." सकाळी वारा पूर्वेचाच होता, म्हणून मास्तरही काही बोलले नाहीत. ताट घेऊन ती पूर्वेच्या बांधावर बसली.

कृष्णात वर गेला आणि वाऱ्यानं दगा दिला. तो उलटा फिरला आणि पश्चिमेकडून जोरात सुटला. मी ताठ होऊन पूर्वेकडं फडफडू लागले. आता विमानानं पूर्वेकडून यायचं आणि पश्चिमेला तोंड करून उतरायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. मास्तरांनी लाल निशाण हलवलं. मी तर जीव तोडून सांगत होते.

पण कृष्णात पश्चिमेकडूनच आला. वारा पाठीवर घेऊन आला! अर्धा माळ संपला तरी चाकं जमिनीला लागेनात. अजूनही वर जाता आलं असतं. पण त्यानं विमान दामटून खाली टेकवलं. ते उधळल्या बैलासारखं धावत सुटलं आणि पूर्वेच्या बांधावर जाऊन आदळलं. लाकडी पंख्याच्या चिरफळ्या उडाल्या, एक चाक निखळलं. कृष्णात कपाळ धरून बाहेर आला. जिवंत होता, देवाची कृपा.

"पिशवी दिसली न्हाई व्हय रं?" मास्तर ओरडले.

कृष्णातनं खाली बघितलं. "पिशवी हालतच नव्हती, मास्तर. कुणीतरी बांधली असंल."

काय म्हणावं ह्याला! पण लोकांना तेवढंच हवं होतं. तेव्हा स्वातंत्र्याच्या चळवळीत आपल्या मुलखात रोज कुठं ना कुठं सरकारी टपालाच्या तारा तुटत होत्या आणि सरकार ज्याच्या-त्याच्याकडं वाकड्या डोळ्यानं बघत होतं. एक पोरगा म्हणाला, "सकाळी धुळा खांबाखाली उभा व्हता." झालं! तिथं आलेल्या फौजदारानं धुळाचं मनगट धरलं. "तारा तोडणाऱ्यांतला दिसतोय हा. चल, तुरुंगात सांग काय ते."

मित्रांनो, मी मोकळी होते हे मला ठाऊक होतं. तरीही मी मनात म्हटलं, बरं झालं, जाऊ दे ह्याला एकदाचा. हे सांगताना आज मला लाज वाटते.

इतक्यात हरणाबाई पुढं आली. ताट अजून तिच्या हातात होतं.

"कृष्णात, खोटं बोलू नगंस. पिशवी मघाधरनं ताठ उडतीया. निरांजनाला आडोसा करून माझा हात पोळला. ह्या धुळानंच वर बघितलं आन् म्हणाला, आवं मावशी, वारं फिरलंय, आता इमान ह्या अंगानं आत येणार, उठा हितनं. त्यानं उठवलं नसतं तर मी त्या बांधावरच बसलेली असते."

कृष्णातनं फुटलेल्या बांधाकडं बघितलं.

"दिसली व्हती," तो आईला म्हणाला. "पर म्हटलं, तुज्यासाठी तोंड पूर्वेला ऱ्हावं, एवढ्यानं काय हुतंय. मग इमान खाली टेकंना, तवा कळलं. वर गेलो असतो तर पोरं हसली असती."

मास्तरांनी तीन महिने त्याचं उडणं बंद केलं. फौजदार धुळाचं मनगट सोडून चहा प्यायला निघून गेला. म्हणजे धुळा रोज माझ्याकडं बघायचा तो विमान कुठून आत येईल ते कळावं आणि तेवढी वाट मेंढरांपासून मोकळी ठेवावी म्हणून! अख्ख्या माळावर मला नीट वाचणारा तो एकटाच होता, आणि मी त्यालाच चोर ठरवलं होतं.

आता मी विरले आहे आणि एका पेटीच्या तळाशी पडून असते. मला ठिगळ लावा, उन्हापावसात जपा, हे मागणं आहेच. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. त्या दिवशी धुळा मनगट चोळत मेंढरांकडं निघून गेला आणि "चुकलं" असं त्याला कुणीच म्हटलं नाही. कृष्णातनं नाही, फौजदारानं नाही. मला तर तोंडं दोन, पण वाचा एकही नव्हती. मित्रांनो, तुम्हाला आहे.