आठवड्याला फक्त दोनशे

आमच्या तिएर्रा ब्लांका गावात कुणालाही विचारा, हा पंखा केवढ्याला घेतलास? किंमत कुणी सांगणार नाही. "आठवड्याला साठ," असं उत्तर येईल, तेही छाती फुगवून. टीव्ही आठवड्याला दीडशेचा, पलंग एकशेवीसचा. एकूण किती, हे विचारणं म्हणजे खिसा फाटका असल्याची कबुलीच जणू! आणि वाचकहो, या लाजेवर जे दुकानदार गब्बर झाले, त्यांच्याबद्दल मऊ शब्दांत लिहायचा मला आता कंटाळा आला आहे.

कासिल्दा अशाच एका दुकानात अकरा वर्षं विक्रेती होती. दुकानाची शिकवण एकच. गिऱ्हाईक आत आलं की काय हवं ते नंतर, आधी विचारायचं, आठवड्याला किती झेपतील? पाटीवर हप्ता वीतभर आकड्यांत आणि रोख किंमत कोपऱ्यात मुंगीएवढी. रोख विक्रीवर तिला दमडी मिळत नसे, हप्त्यावर कमिशन मिळे. यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. गरिबाच्या घरात वस्तू पोचवतो आपण, असंच ती मानायची.

तिला शाखेची उपव्यवस्थापक व्हायचं होतं. त्यासाठी माध्यमिक शाळेचा दाखला हवा, म्हणून एक्केचाळिसाव्या वर्षी ती दर रविवारी प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागली. गणिताला फाउस्तो गुरुजी होते. निवृत्त, तिरसट, समोर कोण आहे ते न बघता बोलणारे. एका रविवारी व्याजाचा अज्ञात दर काढायचा होता आणि आकडे ज्याने त्याने आपल्या जगण्यातले द्यायचे होते.

कासिल्दा हौसेने फळ्याशी गेली. तिच्या डोक्यात ओफेलियाचा फ्रीझर होता. कासिल्दा ओफेलियाच्या मुलीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, म्हणजे दोघींचं नातं सख्ख्या बहिणींहून जवळचं. ओफेलिया चिंचेच्या आणि नारळाच्या आइसकांड्या विकते. तिचा जुना फ्रीझर ऐन एप्रिलमध्ये बंद पडला होता आणि सोमवारी ती नव्याच्या कागदांवर सही करणार होती. रोख आठ हजार पेसो. हप्ता आठवड्याला दोनशे, दोन वर्षं, म्हणजे एकशेचार हप्ते. एकूण वीस हजार आठशे. हा शेवटचा आकडा कासिल्दानेही आयुष्यात पहिल्यांदाच लिहिला.

गुरुजींनी दराला क्ष म्हणायला सांगितलं. तिने मांडलं :

८००० + ८००० × क्ष × २ = २०८००

आठ हजार उजवीकडे नेऊन वजा केले, बारा हजार आठशे उरले. त्यांना सोळा हजारांनी भागलं. क्ष आला ०.८. दसादशे ऐंशी!

आपलंच चुकलं असं वाटून तिने पुसून पुन्हा मांडलं. पुन्हा ऐंशी. उत्तर समीकरणात घालून पाहिलं, तर दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या.

"गुरुजी, आमच्याकडे व्याज नसतं," ती फणकाऱ्याने म्हणाली. "हप्ता असतो."

"मग हे बारा हजार आठशे कुठून आले, बाई? फ्रीझर व्याला की काय?"

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की ऐंशी हासुद्धा भिडेखातर काढलेला आकडा आहे. आठ हजार पूर्ण दोन वर्षं वापरले असते तर ऐंशी. पण बाई पहिल्याच आठवड्यापासून परत करायला लागते, त्यामुळे खरा दर शंभराच्या वर जातो. तो काढायचं गणित या इयत्तेत नाही.

कासिल्दा तणतणत घरी गेली. म्हातारा खवचट आहे, दुकानाच्या वाईटावर आहे, असं नवऱ्याला दहादा सांगितलं. मग तिने स्वतःच्या धुलाई यंत्राच्या हप्त्यांचं कार्ड काढलं आणि तेच समीकरण मांडलं. ब्याऐंशी. मग तिला राग आला तो स्वतःचा, आणि तो काही केल्या उतरेना.

सोमवारी ओफेलिया ठेवणीतला ब्लाउज घालून, मतदार कार्ड आणि विजेचं बिल घेऊन आली. कासिल्दाने करारपत्र उलटं केलं आणि पाठीमागे सगळं गणित मांडून दाखवलं.

"मला ते क्ष-बिक्ष कळत नाही गं," ओफेलिया म्हणाली. "दोनशे मला झेपतात."

"झेपतात म्हणूनच दोनशे ठेवलेत! आम्ही किती झेपतं ते विचारतो, म्हणजे तुझ्याकडून किती काढता येईल ते आम्हाला कळतं."

 ओफेलियाने कागदावरचा वीस हजार आठशे हा आकडा बोट फिरवत दोनदा वाचला. मग मान वर केली तेव्हा तिचे डोळे पेटले होते.

"आणि शेगडी? ती तूच हप्त्यावर दिलीस ना मला? केवढ्याला पडली ती?"

 "मला विचारायचं सुचलं नाही," एवढंच कासिल्दा म्हणाली, आणि ते खरं होतं.

व्यवस्थापक अनीबाल साहेब मागे येऊन उभे राहिले होते. दुकानाचं मीठ खाऊन दुकानाच्याच मुळावर उठलीस, असं ते सर्वांदेखत बोलले. उपव्यवस्थापकपद विसर, हेही त्याच दमात.

"विसरले," कासिल्दा म्हणाली. मग ओफेलियाकडे वळली. "तुझ्याकडे तीन हजार आहेत. गल्लीच्या भिशीत शनिवारचा नंबर माझा आहे, पाच हजारांचा. तो तू घे. तुझा नववा नंबर लागला की तो मला दे. शेगडीचं पाप त्याने फिटत नाही, पण फ्रीझर रोख येईल."

ओफेलियाचा राग उतरला नव्हता. करारपत्र मात्र तिने चार तुकडे करून काउंटरवर ठेवलं. मागे रांगेत पलंग घ्यायला आलेला एक गृहस्थ उभा होता. त्याने घसा खाकरला आणि साहेबांना जरा बिचकतच विचारलं, "आणि हा एकूण केवढ्याला?"

साहेबांनी हप्ता सांगितला. त्याने पुन्हा विचारलं.

नागरिकहो, हप्ता किती हे दुकानदार न विचारता सांगतो. एकूण किती आणि दर किती, हे आपल्यालाच विचारावं लागतं. विचारायची लाज आपण वाटून घेतो, आणि ती लाजच ते आपल्याला दसादशे ऐंशीने विकतात. विचारा. मोठ्याने विचारा, म्हणजे रांगेतल्या पुढच्या माणसालाही ऐकू जाईल.