मावशींचा टीव्ही

बुलढाण्यात घर बघायला गेलो तेव्हा खाली घरमालकीण रुक्मिणीबाईंचा टीव्ही चालू होता. माझ्या कपाळावरची आठी त्यांना दिसली असावी.

"आवाजाचा तरास त नाही ना होत?"

माझी बायको नीरजा समोरच्याचं मन राखण्यात पटाईत. "छे हो मावशी! आमच्याकडे टीव्ही नाही, उलट घर भरल्यासारखं वाटेल."

झालं. अकरा महिन्यांचा करार केला आणि चौथ्याच महिन्यात मी मेटाकुटीला आलो. नीरजाला अर्धशिशीचा त्रास. ती शाळेत शिकवून डोकं धरून यायची, जिना चढायची आणि नेमका तेव्हाच खालचा आवाज वाढायचा. मालिकेतल्या सासवा आमच्या उशाशी भांडायच्या. मी सांगायला उठलो की नीरजा हात धरून बसवायची.

"कसं सांगायचं? आत्ताच त्यांनी भरली वांगी पाठवलीत."

वांगी नाहीतर ठेचा, काहीतरी रोज यायचंच. त्यामुळे सांगायचा दिवस काही उजाडेना.

शेवटी मी वैतागून दुसरं घर पाहिलं. रुक्मिणीबाईंच्या यजमानांना, हिंमतरावांना, "शाळा जवळ पडेल" अशी थाप मारून करार मोडला. त्यांनी बीबी गावच्या आपल्या भाचीला, छायाला, लगेच खोल्या देऊन टाकल्या.

निघायच्या दिवशी रुक्मिणीबाईंनी नीरजाची ओटी भरली, लेकीची भरावी तशी. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आता कोनासाठी मोठा करू व टीव्ही? मले त बारीक आवाजबी पुरते. तू आली का वाढवत होती. मनलं, पोरीच्या घरी टीव्ही नाही, तिलेबी ऐकू येऊ दे."

एका वाक्याचं काम होतं, आणि आम्ही घर सोडत होतो.

"छायाले नाही ना होनार तरास?" त्यांनी विचारलं.

नीरजानं ओटीचा पदर घट्ट धरला. "नाही हो मावशी," ती म्हणाली. "आम्हाला कुठे झाला?"

तेवढ्यात हिंमतराव फाटकातून ओरडले, "तुमचा टेम्पो बाजूले घ्या, छायाची गाडी येऊन राह्यली!"

छायाच्या गाडीतून सगळ्यात आधी टीव्ही उतरला. भलामोठा. रुक्मिणीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि त्यांनी आपल्या टीव्हीचा आवाज बारीक केला.