खोऱ्यातले वीस चौकोन

"तुमच्या ह्या पडद्यावर सगळं कसं हिरवंगार असतं, वहिनी. घरी मात्र भाजी शिजवून शिजवून पार काळी करता."

ही कुरकुर माझ्या कानाशीच. धाकटे दीर खुर्चीमागे उभे. नोकरी माझ्याच खात्यात, जेवण माझ्याच घरी, तक्रार त्याच्यावर फुकट. मी म्हटलं, "काळी खाऊनच एवढे फुगलात, भाऊजी. सरका, उजेड अडतोय."

आमच्या खात्याचं काम एका वाक्यात मावतं: देशातलं धान्य पुढच्या हंगामापर्यंत पुरेल की नाही, ते कापणी संपायच्या आत सांगायचं. दर पाच दिवसांनी उपग्रहाचं चित्र येतं, ते मी वाचते. जमिनीवर भाऊजींसारखे मोजणीदार असतात. प्रत्येक भागात चिठ्ठ्या टाकून निवडलेले वीस चौकोन. दर पंधरवड्याला तिथं जाऊन पिकाची उंची लिहायची, शेवटी चौकोन कापून दाणे तोलायचे. मग यंत्र माणसाचा आकडा आणि आकाशातला आकडा शेजारी ठेवतं. दोघं एकच बोलले, की त्या वीस चौकोनांवरून अख्ख्या भागाचं पीक धरलं जातं. नाही जुळले, तर तो भाग बेरजेतून बाद.

भाऊजींच्या वाट्याला खोरं आलं होतं. तीन वर्षांमागे तिथल्या विहिरी खारट झाल्या आणि माणसं दारं-खिडक्यांच्या चौकटी काढून घेऊन निघून गेली. चौकोनांची यादी मात्र पाच वर्षांनीच बदलते, आणि यंत्राला कोरा रकाना चालत नाही. म्हणून भाऊजी आमच्या जेवणाच्या टेबलावर फॉर्म भरू लागले.

"वहिनी, किती लिहू? गुडघ्याएवढं?"

"लिहा गुडघ्याएवढं. आधी हात धुवा."

दोन वर्षं असंच चाललं. आकाशातून उघडी माती दिसायची, आकडे जुळायचे नाहीत, खोरं आपोआप गळायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. झाकली मूठ.

या वर्षी आकडे जुळले.

हंगामाच्या पहिल्या चित्रात मला वाटलं, पडदा मळलाय. बाहीनं पुसला. डाग गेले नाहीत. तपकिरी खोऱ्यात हिरवे ठिपके होते, मोजले तर वीस. यादीतल्या वीस जागांवर, आणि आजूबाजूला गवताची काडी नाही. दोनच दिवसांपूर्वी भाऊजींनी टेबलावर बसून लिहिलं होतं: वीतभर.

पुढच्या पंधरवड्यात त्यांनी गुडघ्याएवढं लिहिलं, ठिपके गडद झाले. कमरेएवढं लिहिलं, आणखी गडद. मग मी मुद्दामच म्हटलं, "सगळे चौकोन एकसारखे दिसतायत, कुणाला खरं वाटणार नाही. सातव्याला कीड लावा."

"बिचारा सातवा," म्हणून हसत त्यांनी लिहिलं.

पुढच्या चित्रात सातवा पिवळा होता.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन टेबल दुसऱ्या भिंतीला लावलं. जशी काही चूक त्याची होती.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना बोलावून चित्रं ओळीनं दाखवली. बराच वेळ बघून ते म्हणाले, "चहा सांगू?" तेव्हापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. आम्ही समोरासमोर बसून गळक्या नळाबद्दल बोलायचो. आमच्या खात्याच्या साहेबांचंही तेच. खोरं उजाड झाल्याचं त्यांना ठाऊक नाही असं कसं म्हणू? पण खोऱ्याचा विषय निघाला, की ते चष्मा काढून पुसायचे.

"खोरं बरंय ना?"

"बरंय, साहेब."

आज चार वाजता देशाचा आकडा जायचा होता. खोरं धरलं तर धान्य पुरत होतं. खोरं वगळलं तर सव्वा महिना कमी पडत होतं, आणि बाहेरून जहाजं मागवायची तर आजच; उशीर झाला तर धान्य भुकेच्या महिन्यांनंतर पोचणार.

तीन वाजून गेले तेव्हा साहेब आमच्या खोलीत आले. "एका खोऱ्याचं वजन राहिलंय. मोजणीदार, लिहा आणि मोकळे व्हा."

भाऊजींच्या गुडघ्यावर फॉर्म होता, हातात उघडं पेन. मी सकाळचं चित्र उघडलं.

नऊ ठिपके नव्हते. एक ते नऊ, यादीच्या क्रमानं. मोजणीदार जसा चालत जातो तसे. दहावा फिकट पडू लागला होता.

"भाऊजी," मी हळूच विचारलं, "कापणी लिहिलीत?"

त्यांनी फॉर्म माझ्याकडे वळवला. कापणीचा रकाना कोरा होता.

साहेब वाकून पडद्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढला. "म्हणजे कापणी सुरू झालीय," ते म्हणाले. "उत्तम. चौकोनाला किती किलो धरायचे?"

भाऊजींनी पेन कागदाला टेकवलं. ते जो आकडा लिहितील, तो तोलायला तिथं कुणीतरी बसलेलं असेल, याची मला खात्री होती. पण पुढे भुकेच्या महिन्यांत माणसं त्या धान्याच्या पोत्यात हात घालतील, तेव्हा त्यांच्या हाताला काय लागेल?

"अहो, लिहा ना," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जवळजवळ विनवणीचा होता. "एक आकडा तर लिहायचाय."

भाऊजींनी पेन उचललं. जिथं टेकलं होतं तिथं शाईचा थेंब पसरला होता, त्यावर त्यांनी अंगठा ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"साहेब, तीन वर्षांत मी खोऱ्यात पाऊल टाकलेलं नाही," ते म्हणाले. "तिथं माणूस नाही. कुणी काही पेरलेलं नाही. आकडे मी घरी बसून लिहिले, वहिनींना ते माहीत होतं, आणि तुम्हालाही."