सीटवरची गोणी

"सोर... अजून सोर... बस, बस!"

इंजिन साखळीला लटकत होतं. सदू तांडेल कप्पीची साखळी थोडी थोडी सोडत होता आणि माझा धाकटा भाऊ रामचंद्र त्या एवढ्याशा गाडीच्या तोंडात कमरेपर्यंत वाकून इंजिन दोन्ही हातांनी जागेवर आणत होता. मी चहा घेऊन दारात उभी होते. मध्येच बोलायचं नाही, एवढं इतक्या वर्षांत मला कळलेलं आहे.

"रामभाव, इतक्या येलात तू दोन होड्यांना इंजिन बसवला असतास," सदू म्हणाला. "आनि ही काय गारी हाय? पोराचा पालना हाय."

बोलून गेल्यावर त्याने मान खाली घातली. साखळी त्याच्या हातात तशीच राहिली.

"सोर," रामचंद्र म्हणाला. "थांबलास कशाला?"

इंजिन बसलं. ज्या ब्रॅकेटवर ते बसलं ती प्रज्योतने वेल्ड करून ठेवली होती. प्रज्योत म्हणजे रामचंद्रचा एकुलता मुलगा, माझा भाचा. चारही बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेले. रामचंद्रने प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून अंगठा फिरवला आणि चहा घ्यायला आला.

"मापात हाय," एवढंच म्हणाला.

श्रावणात प्रज्योतला ताप आला होता. लेप्टो होता हे नंतर कळलं. पावसाच्या पाण्यातून रोज सगळेच चालतात, तोही चालला असेल. आठवडा पुरा व्हायच्या आत तो नव्हता. त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला फारसं सांगता येत नाही, कारण मला ते आठवतच नाहीत. शाळेत मी शिकवलेल्या पहिल्या वर्गातली मुलं कुठल्या बाकावर बसत ते मी आजही सांगेन, पण भाद्रपद कसा गेला ते विचारू नका. भात मी तिघांचाच लावत होते. उरलेला सकाळी आम्ही दोघं परतून खात होतो.

गाडी तेव्हापासून शेडमध्ये उघडी पडून होती. विलायती, दोनच सीटांची, वर छत नसलेली, साठ वर्षांपूर्वीची. ती प्रज्योतच्या मुंबईच्या गिऱ्हाइकाच्या, अमिषाच्या, वडिलांची. त्यांचं मांडव्याला घर आहे. वडील गेल्यावर गाडी वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिली, इंजिनाचा ब्लॉक तडकला, आणि त्याचे भाग काही केल्या मिळेनात. प्रज्योत म्हणाला, जिप्सीचं इंजिन घालू, हलकं आहे, चालेल. त्याने जुनं इंजिन काढलं, जागा तयार केली, जिप्सीचं इंजिन धुऊनपुसून ताडपत्रीवर ठेवलं, आणि तेवढ्यावर काम राहिलं.

अमिषाचा फोन आला होता. "काका, तुम्ही नका त्रास घेऊ. मी टो करून घेऊन जाते. मुंबईत कोणीतरी करेल पूर्ण."

"न्हाय," रामचंद्र म्हणाला होता. "पोरानं हातात घेतलेला काम हाय. मी पुरा करून देन. त्यानं दिला असता तसा देन."

त्याचा हात मोटारीला कधी लागलेला नव्हता. रामचंद्र होड्यांच्या इंजिनांचा माणूस. रेवसच्या धक्क्यावर उभी असलेली अर्धी गलबतं त्याच्या हाताखालून गेली आहेत. आमच्या आबांच्या शिडाच्या होडीत पहिलं इंजिन बसलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि मी सतरा-अठराची. इंजिन मागे बसवल्यावर होडीची मागची बाजू पाण्यात गेली आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर आलं. आबा छातीभर पाण्यात उभे राहून नुसते बघत होते. मग त्यांनी वाड्यातल्या पोरांना पुढच्या बाजूला बसवायला सुरुवात केली. एकेक करून. होडी सपाट बसली तेव्हा त्यांनी एकेका पोराला उतरवून त्याच्या जागी दगड ठेवले. रामचंद्र शेवटी उतरला. तेव्हापासून त्याचा नियम आहे, इंजिन बदललं की आधी भार बघायचा. रिकामी होडी काही सांगत नाही, असं तो म्हणतो. माणसं जिथे बसणार तिथे तेवढं वजन ठेवा, मग ती कशी बसते ते बघा.

प्रज्योतला होड्या नको होत्या. आयटीआय करून आला आणि शेडच्या अर्ध्या भागात त्याने मोटारींचं गॅरेज टाकलं. मध्ये भिंत नव्हती, त्यामुळे भांडण रोजचं.

"बाबा, माझे पाने तुमच्या डिझेलात बुडवू नका!"

"तुजी ती पेट्रोलची खेलनी. दर्यात एक दिस टिकायची न्हायत."

"दर्यात कोण नेतंय? आते, सांग ना ह्यांना."

मी दोघांनाही सांगत असे की जेवायला या. तुळशी, म्हणजे प्रज्योतची आई, तो पाचवीत असताना गेली. मी तर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. तिघांचं घर होतं आमचं, आणि एवढी वर्षं ते चाललं.

इंजिन बसल्यावर वायरी, रेडिएटर, पाइप यात बरेच दिवस गेले. काही अडलं की रामचंद्र पेणच्या एका मेकॅनिकला, प्रज्योतच्या मित्राला, फोन लावून विचारत असे. विचारताना खालच्या मानेने "व्हय, व्हय" म्हणे. एका सकाळी गाडी चालू झाली. बारीक, गुळगुळीत आवाज. होडीच्या इंजिनासारखा छातीत लागणारा नाही. सदूने टाळ्या वाजवल्या. रामचंद्र थोडा वेळ ऐकत राहिला, मग त्याने चावी बंद केली आणि हात पुसले.

"नाक वर आलाय," तो म्हणाला.

मला काही दिसलं नाही. सदूलाही नाही.

"नवा इंजिन हलका हाय. जुना निसता लोखंड होता. पुढचा भार कमी झाला, गारी मागं बसली." तो जमिनीवर गाल टेकून बघत होता. "आता डायवरचा वजन ठेवून स्प्रिंगा बसवाव्या लागतील. बाय, त्या पोरीला फोन लाव. वजन इचार तिचा."

"तूच विचार ना."

"मी? बाईमानसाला वजन इचारू?"

मी फोन लावला. अमिषा हसत सुटली. "चौपन्न. नाही, पंचावन्न लिहा आत्या, दिवाळी झालीय ना नुकतीच!"

मी रामचंद्रला पंचावन्न सांगितलं. त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तो सदूचा मासळी तोलायचा काटा घेऊन आला, तो लाल आकडे दाखवणारा. शेडच्या मागे बांधकामातली रेती उरलेली होती. ती फावड्याने गोणीत भरली, गोणी काट्यावर ठेवली, पुन्हा भरली. मी कपडे वाळत घालत होते. आकडा बघायला मुद्दाम गेले नाही, पण दोरीच्या त्या टोकाला गेले तेव्हा दिसलाच. एकाहत्तर.

"पंचावन्न म्हणाली होती ती," मी म्हटलं.

"रेती वली हाय," तो म्हणाला.

रेती कोरडी होती. पाऊस जाऊन दीड महिना झाला होता.

गेल्या वर्षी धक्क्यावर हाच काटा होता. मी सुरमई घ्यायला गेले होते आणि प्रज्योत सोबत होता. सदू मासे तोलत असताना हा मुद्दाम काट्यावर चढून उभा राहिला. "एकाहत्तर!" सदू ओरडला. "कमळबाय, सुरमईचा भाव देतो, सोरतेस काय?" मी म्हटलं होतं, "घेऊन जा, पण साफ तू कर. खवलं निघायची नाहीत." बायका किती हसल्या होत्या.

रामचंद्रने गोणी ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली. पट्टा लावला, घसरू नये म्हणून. मग दिवसभर तो गाडीखाली होता. जॅक लावायचा, चाक काढायचं, स्प्रिंगखाली लोखंडी चकती घालायची, पुन्हा खाली घ्यायची, लांब जाऊन बघायचं. एक चकती काढायची, पातळ घालायची. दुपारी मी जेवायला हाक मारली तर म्हणाला, "येतो, अजून येक." संध्याकाळपर्यंत त्याला हवी तशी गाडी बसली. तो दुसऱ्या बाजूने येऊन मोकळ्या सीटवर बसला, गोणीच्या शेजारी. समोर बघत होता. समोर शेडची भिंत होती आणि भिंतीवर पाने टांगलेले. मी दिवा लावायला आत गेले.

रविवारी अमिषा आली. पहिल्या बोटीने भाऊच्या धक्क्याहून, पाठीला एक पिशवी. रामचंद्रने तोपर्यंत गोणी उतरवून कोपऱ्यात उभी केली होती. तिने मला वाकून नमस्कार केला. प्रज्योतबद्दल काय बोलावं ते तिला कळेना आणि मला तिला मदत करता आली नाही. तिने गाडीच्या दारावर हात ठेवला आणि डोळे पुसले. तिच्या वडिलांचीही ती गाडी होतीच.

धक्क्यापर्यंत चक्कर मारून ती परत आली तेव्हा केस विस्कटलेले आणि चेहरा उजळलेला.

"काका, काय चालतेय! एकदम स्मूथ. पप्पांच्या वेळेला पण अशी नव्हती."

रामचंद्र तिच्याकडे बघत नव्हता. गाडी शेडकडे येत असताना तो रस्त्याच्या मधोमध उकिडवा बसून चाकांकडे बघत होता.

"काय लागला का?" त्याने विचारलं.

"नाही हो. परफेक्ट आहे. म्हणजे... थोडीशी, अगदी थोडीशी डावीकडे झुकल्यासारखी वाटते का? की मलाच वाटतंय?"

शेडमध्ये सदू बसला होता. तो म्हणाला, "गो पोरी, रेवसचा रस्ताच वाकरा हाय!"

अमिषा हसली. गोष्ट तिथे संपली असती. गाडी तिला आवडली होती, पिशवी तिने शेजारच्या सीटवर टाकली होती, आणि रामचंद्र काही बोलला नसता तर ती निघून गेली असती. कोणाला काही कळलं नसतं. मी रामचंद्रकडे बघत होते. त्याचा जबडा हलत होता, काही चावत असल्यासारखा.

"उतर," तो म्हणाला.

"काका?"

"उतर पोरी. गारी तुज्या मापाची न्हाय बसली. अर्धा दिस दे मना."

"मी बसते ना हवं तर, तुम्ही ॲडजस्ट करा."

"मानूस हलतो. गोनी हलत न्हाय. तू तुजे घराला जाऊन ये."

ती रिक्षाने मांडव्याला गेली. सदूला काय वाटलं कोण जाणे, तोही उठून गेला. म्हणाला, "काटा सांजच्याला न्हेतो, उद्या मासली तोलायची हाय."

रामचंद्रने काटा शेडच्या मध्यावर ओढला. कोपऱ्यातली गोणी आज त्याला एकट्याला उचलेना, तेव्हा मी एक टोक धरलं. लाल आकडा लागला. तो खाली बसला आणि गोणीच्या तोंडाची सुतळी सोडू लागला. गाठ त्यानेच मारलेली, पण सुटायला वेळ लागला. डालड्याचा एक जुना डबा होता तो घेतला आणि एक डबा रेती काढून जमिनीवर ओतली. आकडा उतरला. दुसरा डबा काढला. मग तिसरा.

साठच्या जवळ आल्यावर तो थांबला. डबा रेतीत खुपसलेला आणि हात डब्यावर. बाहेर कुणाची तरी बोट सुटत होती, तिचा भोंगा झाला. मी तिथेच उभी होते. रडावं असं मला वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या, तेवढं आठवतं.

"बाय, किती झाला?" त्याने विचारलं. आकडा त्याच्या समोर होता.

"एकोणसाठ," मी म्हटलं.

"अजून चार."

"हो."

त्याने अजून चार किलो काढली. शेवटची तर मुठीने, चिमटीने, आकडा पंचावन्नवर नीट थांबेपर्यंत. मग गोणी बांधली. ती आता त्याने एकट्यानेच उचलली आणि सीटवर ठेवली, पट्टा लावला, आणि जॅक घेऊन गाडीखाली गेला.

अमिषा दुपार कलल्यावर आली. बसली, वळवून आणली, आणि या वेळेला तिने काहीच विचारलं नाही. जाताना रामचंद्रचे दोन्ही हात तिने आपल्या हातात घेतले. त्याचे हात काळे होते. "राहू दे पोरी, घान लागेल," तो म्हणाला. गाडी कोपऱ्यावरून वळताना त्याने पुन्हा वाकून चाकांकडे पाहिलं. ती सरळ गेली.

तो नळावर हात धुवायला गेला. मी केरसुणी घेऊन शेडमध्ये आले. काट्याशेजारी जमिनीवर रेतीचा ढीग होता. फार मोठा नव्हता. मी वाकले, आणि नळावरून त्याचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे आज."

मी केरसुणी भिंतीला टेकवली.

तेवढ्यात सदू काटा न्यायला आला. नेहमीसारखे ओले पाय, हातात टोपली. हा माणूस आजवर माझ्या सारवलेल्या अंगणातून, वाळत घातलेल्या मिरच्यांवरून, रांगोळीवरूनही तसाच चालत आला आहे. तो आत आला आणि ढिगापाशी थांबला. गाडीतून उतरवून कोपऱ्यात ठेवलेली, वरून रिकामी झालेली गोणी बघितली. मग ढिगाला लांबून वळसा घालून काट्यापर्यंत गेला, काटा उचलला, आणि तसाच वळसा घालून बाहेर गेला.